कोकणातील सरकारी दवाखान्यात कोणाला काय मिळायचे, हे कोण ठरवते?

दक्षिण रत्नागिरीतील एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा आहे: "15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी रुग्णालयांतील उपचार मोफत झाले, नंतर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देणारी योजनाही सर्वांना लागू झाली. तरीही माझ्या वहिनीला बाळंतपणाच्या ऐन वेळी तालुक्याच्या रुग्णालयातून पुढे पाठवले, कारण तेथे भूलतज्ज्ञ नव्हता. सरकारकडे पैसाच नाही, की तो आमच्यापर्यंत येत नाही? आणि कोणाला काय द्यायचे, हे ठरवतो कोण?"

ताई, माझ्या नोकरीचा बहुतेक काळ याच किनारपट्टीवर गेला आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून, आणि पुढे जिल्हा पातळीवर, जेथे औषधांच्या मागण्या आणि अंदाजपत्रके तयार होतात त्या टेबलावर. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो की पैसा कमी आहे, हे खरेच आहे. परंतु आरोग्यसेवेला पैसा कितीही दिला तरी तो पुरत नाही, त्यामुळे कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवणे कोणत्याही देशाला, अगदी श्रीमंत देशालाही, चुकलेले नाही. आपल्याकडचे दुखणे असे आहे की हा निर्णय उघडपणे, कारणे देऊन, कोणाच्या तरी सहीने घेतला जात नाही. मग तो अंतर घेते, रिकामे पद घेते, मार्चअखेर घेते; आणि रात्री दोन वाजता गाडीचे भाडे ज्याच्या खिशात नसते, त्याच्या विरोधात तो जवळजवळ नेहमीच जातो. आपल्या वहिनींच्या बाबतीत असाच एक निर्णय झाला होता, आणि तो त्या रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांनी घेतलेला नव्हता. तो काही वर्षांपूर्वी, वेगवेगळ्या टेबलांवर, थोडाथोडा घेतला गेला होता.

प्रथम पैशाविषयी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्याचा विषय आहे, म्हणजे पहिले उत्तरदायित्व मंत्रालयाचे आहे. केंद्राचा पैसा मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी त्यात केंद्राचे साठ रुपये व राज्याचे चाळीस रुपये असे प्रमाण आहे. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दोन उद्दिष्टे लिहून ठेवली होती: 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा, आणि राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करायची. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये केंद्र आणि राज्ये मिळून हा खर्च 1.15 टक्के होता आणि 2021-22 मध्ये, कोविडच्या खर्चासह, तो 1.84 टक्क्यांपर्यंत पोहोचला. याच काळात एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 64.2 टक्क्यांवरून 39.4 टक्क्यांवर आला. सुधारणा झाली आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु देशातील संपन्न राज्यांपैकी एक असलेला महाराष्ट्र त्या आठ टक्क्यांपासून आजही बराच दूर आहे.

आरोग्याला मंत्रिमंडळात पैसा का मिळत नाही, याचे उत्तर मला वर्षानुवर्षे जिल्हा नियोजन समितीच्या बैठका पाहताना उमगत गेले. शेतकऱ्यांची संघटना असते, कंत्राटदारांची असते, कर्मचाऱ्यांची असते, रुग्णांची नसते. माणूस आठ-दहा दिवस आजारी असतो, बरा झाला की कामाला लागतो, आणि बरा झाला नाही तर त्याचे कुटुंब दुःखात आणि कर्जात असते, मोर्चात नसते. त्यातच ज्यांचा शब्द चालतो, ते लोकप्रतिनिधी, अधिकारी, व्यापारी आणि पत्रकार, स्वतःच्या आजारपणात मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या खासगी रुग्णालयात जातात. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसण्याची झळ त्यांना लागत नाही. म्हणून पालकमंत्र्यांसमोर जी मागणी पोहोचते, ती बहुधा इमारतीची, रुग्णवाहिकेची किंवा महाविद्यालयाची असते. या वस्तू डोळ्यांना दिसतात आणि त्यांचे लोकार्पण करता येते.

येथे अर्थसंकल्पातील एक तांत्रिक बाब समजून घेणे आवश्यक आहे, कारण मला वाटते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. सरकारी हिशेबात आरोग्याची दोन मुख्य शीर्षे असतात. 2210 या शीर्षाखाली महसुली खर्च येतो: पगार, औषधे, रुग्णांचा आहार, वीज, दुरुस्ती, वाहनांचे इंधन. 4210 या शीर्षाखाली भांडवली खर्च येतो: नवीन इमारती, मोठी यंत्रसामग्री. वित्त विभागाच्या दृष्टीने या दोन खर्चांचे वजन सारखे नाही. 2005 च्या महाराष्ट्र राजकोषीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियमानंतर महसुली तुटीवर, म्हणजे रोजच्या खर्चाला उत्पन्न कमी पडण्यावर, नजर ठेवणे हे राज्याचे बंधन झाले, आणि परिचारिकेचा पगार महसुली खर्चात मोजला जातो. इमारत मात्र भांडवली खर्च असल्याने ती 'मत्ता' ठरते. शिवाय एक पद मंजूर करणे म्हणजे तीस वर्षांचा पगार आणि पुढे निवृत्तीचे लाभ यांची हमी देणे होय, तर इमारतीचा खर्च एकदाच होतो. यामुळे होते असे की नवीन इमारतीचा प्रस्ताव पुढे सरकतो, तिच्यासाठी लागणारा आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, मंजुरीसाठी मंत्रालयात फिरत राहतो, आणि आकृतिबंध मंजूर झालाच तरी प्रत्यक्ष भरतीला आणखी काही वर्षे जातात. मधल्या काळात कंत्राटी नेमणुका, बंधपत्रित डॉक्टर (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा देण्यास बांधलेले) आणि प्रतिनियुक्त्या यांवर काम चालते. भरलेल्या एका केंद्रातून डॉक्टर उचलून रिकाम्या केंद्रात बसवायचा आणि दोन्हीकडे आठवड्यातून तीन-तीन दिवस दवाखाना चालवायचा, हे मी सातत्याने पाहिले आहे. कागदावर दोन्ही केंद्रे 'कार्यरत' असतात.

सिझेरियनचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. त्या शस्त्रक्रियेला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, नवजात बाळाला सांभाळणारा डॉक्टर लागतो, रक्तसाठ्याची सोय लागते आणि प्रशिक्षित परिचारिका लागते. यांपैकी चार गोष्टी असल्या आणि पाचवी नसली, तर ऐंशी टक्के तरी सेवा मिळते असे होत नाही. काहीच मिळत नाही. शस्त्रक्रियागृह, त्यातले टेबल, दिवे, भूल देण्याचे यंत्र आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचा पगार, हे सगळे केवळ एका न भरलेल्या पदामुळे वाया जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून खासगी भूलतज्ज्ञाला प्रकरणागणिक मानधन देऊन बोलावण्याची सोय आहे, पण कोकणात तो भूलतज्ज्ञ चिपळूणला किंवा रत्नागिरीला राहतो, आणि पावसाळ्याच्या रात्री चाळीस-पन्नास किलोमीटर घाटवळणे पार करून येईपर्यंत आई आणि बाळ दोघांनाही थांबणे परवडत नाही. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीच्या प्रसूतीसाठी भूल देण्यास तयार करण्याचा सरकारचाच कार्यक्रम आहे. तो चांगला आहे. पण प्रशिक्षित डॉक्टरची बदली जेथे शस्त्रक्रियागृहच नाही अशा केंद्रात झाली, की तो खर्चही बुडतो.

आता कोकणाच्या खास अडचणीकडे येतो, कारण ती राज्याच्या इतर भागांतील वाचकांना सहसा माहीत नसते. आरोग्य केंद्रे आणि त्यांतील पदे लोकसंख्येवर ठरतात: सपाट भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 मागे एक ग्रामीण रुग्णालय, डोंगराळ व आदिवासी भागात हेच आकडे 3,000, 20,000 आणि 80,000 आहेत. आता 2011 ची जनगणना पाहा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. सगळे राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आकसत होते. 30,000 च्या मापाने रत्नागिरीला सुमारे 54 आणि सिंधुदुर्गाला सुमारे 28 प्राथमिक आरोग्य केंद्रे पुरेशी ठरतात, आणि प्रत्यक्षात दोन्ही जिल्ह्यांत त्याहून अधिक केंद्रे आहेत. म्हणून मंत्रालयातील तक्त्यात आपण 'जादा सुविधा असलेला' भाग दिसतो, आणि नवीन केंद्राचा किंवा पदाचा प्रस्ताव 'निकषात बसत नाही' असा शेरा घेऊन परत येतो.

परंतु तक्ता जे मोजत नाही ते असे. आपले गाव एका ठिकाणी नसते. ते डोंगरउतारावर, खाडीच्या दोन्ही काठांवर, एकमेकींपासून दूर असलेल्या वाड्यांमध्ये पसरलेले असते. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारे गाव खाडीपलीकडे असले, तर रस्त्याने ते वीस किलोमीटर होते. आणि गावात जे मागे राहिले आहेत, ते बहुतांश म्हातारे आईवडील आणि स्त्रिया आहेत. कमावती माणसे मुंबई, ठाणे, पुणे येथे आहेत. 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, यावरून याची कल्पना येईल. पंचवीस वर्षांच्या हजार तरुणांना वर्षभरात जितके उपचार लागतात, त्याच्या कितीतरी पट उपचार सत्तरीच्या हजार माणसांना लागतात: रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, पक्षाघात, मोडलेले खुबे. लोकसंख्येचे माप या दोन हजारांना सारखेच धरते. त्यातच गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की गावाची वस्ती एकदम वाढते, महामार्गावरील अपघात वाढतात, आणि हा सारा भार त्याच केंद्रावर, त्याच दोन परिचारिकांवर पडतो. पुढच्या जनगणनेची मोजणी फेब्रुवारी-मार्च 2027 च्या सुमारास व्हायची आहे. त्या दिवसांत चाकरमानी मुंबईतच असणार. त्या आकड्यांवर पदांची फेररचना झाली, तर कोकणाच्या वाट्याला आणखी कपात येईल, अशी मला खरी भीती वाटते.

यावर उपाय नाही असे नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने डोंगराळ भागांसाठी अर्ध्या तासात पोहोचता येईल असा वेळेचा निकष तत्त्वतः मान्य केलेला आहे. तो येथे लावला पाहिजे, आणि त्याला वृद्धांच्या प्रमाणाची जोड दिली पाहिजे. एवढा एक बदल झाला तरी आजचे 'जादा' केंद्र उद्या 'अपुरे' ठरेल, आणि ते खऱ्या परिस्थितीला धरून असेल. आपल्या आमदार-खासदारांनी आणखी एका इमारतीऐवजी या निकषासाठी विधिमंडळात आणि संसदेत आग्रह धरला, तर कोकणाचे अधिक कल्याण होईल.

विमा योजनेविषयी आपण विचारले नाही, पण तिचा उल्लेख केलात, म्हणून लिहितो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत आपल्याकडचा रायगड होता. 2017 मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले, 2020 मध्ये तिला आयुष्मान भारतची जोड मिळाली, आणि दीड लाखाची मर्यादा पुढे पाच लाखांवर नेऊन ती सर्व कुटुंबांना खुली झाली. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार यांत या योजनेने हजारो घरे कर्जापासून वाचवली आहेत, आणि ती बंद करा असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु तिच्यातही कोणाला काय मिळेल हे ठरलेलेच असते. ज्या उपचारांची यादी केलेली आहे तेच मिळतात, जे रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेले, आहे तेथेच मिळतात, आणि दाखल झालात तर मिळतात. अंगीकृत मोठी रुग्णालये मुंबई, पनवेल, पुणे, कोल्हापूर अशा ठिकाणी दाटलेली आहेत. राजापूरच्या किंवा वैभववाडीच्या रुग्णाचे कार्ड मुंबईच्या रुग्णाच्या कार्डाइतकेच पाच लाखांचे असते, पण ते वापरण्यासाठी त्याला आंबा घाट नाहीतर गगनबावडा ओलांडावा लागतो, सोबत एक माणूस न्यावा लागतो, त्याची मजुरी बुडते, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतः करावा लागतो. सरकारी रुग्णालयांनाही या योजनेतून दाव्यांचे पैसे मिळू शकतात, पण ज्यांच्याकडे तज्ज्ञ आहेत त्यांनाच. ज्या रुग्णालयाकडे तज्ज्ञ नाही ते शस्त्रक्रिया करत नाही, म्हणून दावा करत नाही, म्हणून त्याला पैसे येत नाहीत. अशा रीतीने योजनेचा पैसा आधीच भरलेल्या ठिकाणी वाहत जातो.

मुख्य म्हणजे, ज्या म्हाताऱ्या माणसाला रोज रक्तदाबाची एक आणि साखरेची एक गोळी हवी आहे, त्याला या कार्डाचा काही उपयोग नाही. त्याचा सारा आधार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीवर असतो. साठा भरपूर असला तर तेथे तीस दिवसांच्या गोळ्या मिळतात. साठा कमी पडू लागला की औषधनिर्माता सात दिवसांच्या देतो, पुढे पाच दिवसांच्या, म्हणजे सर्वांना थोड्या तरी मिळाव्यात. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण डोंगरावरच्या वाडीतून दर आठवड्याला एसटीने येणे ज्या बाईला झेपत नाही, ती तिसऱ्या आठवड्यानंतर येत नाही, आणि सहा महिन्यांनी पक्षाघाताने 108 च्या गाडीतून येते. सरकारी आरोग्यसेवेतील सर्वांत महागडी काटकसर कोणती असे कोणी विचारले, तर मी या पाच दिवसांच्या गोळ्यांकडे बोट दाखवीन. हे घडते त्याचे कारण बहुतेक वेळा पैशाच्या रकमेपेक्षा पैशाच्या वेळेत असते. वर्षाच्या सुरुवातीला मंजूर तरतुदीचा काही भागच वितरित होतो, उरलेला टप्प्याटप्प्याने येतो, डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांनंतर काही येतो, आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात एवढा येतो की तो नियमाने खर्च करणे कठीण होते आणि न केल्यास तो परत जातो. औषधे मात्र जूनमध्ये लागतात, कारण लेप्टोस्पायरोसिस, विंचू-सर्पदंश आणि तापाच्या साथी मार्चअखेरपर्यंत थांबत नाहीत. 2017 पासून राज्याची औषधखरेदी हाफकिन महामंडळामार्फत होत होती. ती वेळेवर होत नसल्याच्या तक्रारी वाढल्यावर 2023 मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयातील मृत्यूंनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही औषधसाठा आणि रिक्त पदे हेच प्रश्न समोर आले. तमिळनाडूने औषधखरेदीचे स्वतंत्र महामंडळ 1994 मध्येच उभे केले होते. आपण तीन दशके मागे आहोत.

उपचार मोफत करण्याचा 2023 चा निर्णय मी योग्य मानतो. केसपेपरचे आणि तपासण्यांचे काही रुपये सरकारच्या तिजोरीच्या दृष्टीने नगण्य होते, पण गरिबाला दारातच अडवत होते. तथापि त्या शुल्कातून रुग्णालयाच्या हाताशी थोडी रक्कम राहत असे, जिच्यातून अधीक्षक संपलेले हातमोजे, प्रयोगशाळेतील रसायने, जळालेला दिवा अशा गोष्टी दुसऱ्या दिवशी आणू शकत. शुल्क बंद केल्यावर तेवढीच रक्कम अनुदान म्हणून रुग्ण कल्याण समितीकडे नियमित आणि वेळेवर आली पाहिजे. ती न आल्यास हातमोजे बाहेरून आणण्याची चिठ्ठी रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात पडते. आणखी एक बाब ध्यानात ठेवावी: तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांचा होता, वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयीन रुग्णालयांचा नव्हता. अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत, त्यामुळे कोणत्या इमारतीचा मालक कोणता विभाग आहे, यावर आपल्या भागातील रुग्णाचे बरेच काही अवलंबून राहते, आणि हे त्याला कोणी समजावून सांगत नाही.

आता 'कोण ठरवतो' या भागाकडे येतो. उघडपणे ठरवले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सिंधुदुर्गातील रुग्ण पिढ्यानपिढ्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जात आले आहेत. 2018 च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. सावंतवाडी आणि दोडामार्गात संताप झाला आणि तो स्वाभाविक होता. परंतु गोव्याचा करदाता, गोव्याचा मतदार आधी, असा तो निर्णय होता, तो कोणी घेतला हे सर्वांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्याविरुद्ध आंदोलन करता आले, दोन सरकारांत बोलणी होऊ शकली. आपल्या बाजूला त्याच तालुक्यांत वर्षानुवर्षे पदे रिकामी होती, 2016 पासून गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाने माणसे दगावत होती, आणि सुरुवातीला रक्तनमुने तपासणीसाठी लांब पाठवावे लागत होते. त्या अभावामागे कोणाचीही सही नव्हती, म्हणून त्याच्याविरुद्ध लढायचे कोठे, हेच लोकांना कळत नव्हते.

थायलंडने 2002 मध्ये सर्वांसाठी आरोग्य योजना लागू केली, तेव्हा मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिस परवडणार नाही म्हणून ते जाहीरपणे वगळले. रुग्ण संघटित झाले, खर्चाचा अभ्यास झाला, आणि 2008 मध्ये घरच्या घरी करता येणाऱ्या, पोटातील पडद्यामार्फतच्या डायलिसिसला प्राधान्य देऊन तो उपचार योजनेत आणला गेला. ब्रिटनमध्ये 1999 पासून एक स्वतंत्र संस्था कोणते औषध सरकारी खर्चातून द्यायचे हे कारणांसह जाहीर करते, आणि तिच्या निर्णयांवर तीव्र वाद होतात. वाद होतात हेच मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडेही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने उपचारांची किंमत आणि उपयोग तपासणारी यंत्रणा उभी केली आहे, पण जिल्ह्याच्या पातळीवर तिच्या निष्कर्षांवर चर्चा झालेली मी ऐकलेली नाही.

काही सहकारी मला म्हणतात की 'कोणाला नाही द्यायचे' ही भाषाच डॉक्टरला शोभत नाही, जीवनाच्या हक्काला किंमत लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात असे म्हटले की तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि निधी नसल्याची सबब राज्याला सांगता येणार नाही. त्या प्रकरणातील मजूर रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेला होता आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले होते. तो निकाल मला पूर्णपणे मान्य आहे. तातडीच्या उपचाराचा क्रम पहिला लागतो हेच त्यातून सिद्ध होते. पण पहिला क्रम मानायचा म्हणजे काहीतरी दुसऱ्या क्रमावर जाणार हेही मानायचे, आणि ते काय, हे लोकांसमोर बोलायचे.

पहिल्या क्रमावर काय असावे, याचे उत्तर कोकणातच एकदा मिळालेले आहे. लाल विंचवाचा दंश रायगड-रत्नागिरीत मृत्यूचे मोठे कारण होता. गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास सांगितले जाई. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात 1970 च्या दशकात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीने हे मृत्यू एक टक्क्याच्या जवळ आणता येतात हे दाखवले. त्यासाठी मोठी इमारत लागली नाही. केंद्रात मुक्कामाला राहणारा डॉक्टर लागला, गोळी लागली, आणि रुग्ण वेळेत पोहोचण्याइतके जवळ केंद्र लागले. हा खर्च 2210 या शीर्षाखालचा आहे, ज्याचे लोकार्पण होत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या पैशाचा क्रम मला विचारला, तर मी तो असा लावीन: प्रत्येक केंद्रात राहणारा डॉक्टर आणि परिचारिका, तीस दिवसांची औषधे, जिल्ह्यात अशी चार-पाच रुग्णालये, जेथे सिझेरियनची पाचही अंगे चोवीस तास पूर्ण असतील, मग बाकीच्या ठिकाणी ती अर्धवट ठेवू नयेत, आणि या चार-पाच ठिकाणी नेणारी वाहने. नवीन इमारती त्यानंतर. यात काही तालुक्यांना 'तुमच्याकडे शस्त्रक्रिया होणार नाही, पण गाडी वीस मिनिटांत येईल' असे स्पष्ट सांगावे लागेल, आणि ते सांगणे कोणत्याही लोकप्रतिनिधीला जड जाईल, हे मी जाणतो. आज तेथे शस्त्रक्रिया होत नाहीच. फक्त ते आधी सांगितले जात नाही, आणि गाडीही नसते.

आपण व्यक्तिशः काय करू शकता, ते आता सांगतो. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या बैठकीचे इतिवृत्त असते. तेथे लेखी मागणी करा की पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर आणि नोंदवहीत कारण लिहिले जावे: 'भूलतज्ज्ञाचे पद रिक्त', 'रक्तसाठा नाही', 'औषध उपलब्ध नाही'. आज बहुतेक चिठ्ठ्यांवर 'पुढील उपचारांसाठी' एवढेच असते, आणि त्या शब्दांमागे सगळी रिकामी पदे दडून जातात. कारणांची महिन्याची बेरीज ग्रामसभेत आणि जिल्हा नियोजन समितीत वाचली जाऊ लागली, तर भूलतज्ज्ञाची मागणी इमारतीच्या मागणीइतकीच दिसू लागेल. माहितीच्या अधिकारात मंजूर पदे, भरलेली पदे, आणि मागील तीन वर्षांत औषधांसाठी किती तरतूद कोणत्या महिन्यात वितरित झाली, एवढे तीनच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे कार्यालयाला तयार करावी लागत नाहीत, ती तेथे असतातच.

आणि वहिनींविषयी: 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थेतील प्रसूती, सिझेरियन धरून, पूर्ण मोफत आहे, आणि त्यात घरापासून रुग्णालयापर्यंत, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयापर्यंत व तेथून परत घरापर्यंत नेण्याची वाहनसेवाही येते. त्या रात्री आपण खासगी गाडीचे भाडे दिले असेल, तर पावती, पुढे पाठवल्याची चिठ्ठी आणि माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, आणि अर्जावर पोच घ्या. पैसे परत मिळतील की नाही ते पुढे पाहता येईल. पण वाहन का मिळाले नाही, याचे लेखी उत्तर देणे त्यांना भाग आहे.